ओला शर्ट आणि उमरखेडची तिकिटं

जमादार, तुमचा पंचनामा मीच केला. साहेबांनी विचारलं होतं, "भगतबाई, तुमच्या ओळखीचे होते ना? दुसऱ्या कोणाला पाठवतो." मी म्हटलं, नको, मीच जाते. त्यांना वाटलं, बाईच्या मनात माया आहे. माया कसली बाप्पा! मला एकदा तरी तुमच्यासमोर असं उभं राहायचं होतं, की मी बोलते आहे आणि ढोके जमादार मधे तोंड घालत नाहीत.

एक गोष्ट होती, ती मी कमलबाईला सांगायला हवी होती. तुम्ही जिवंत असेपर्यंत सांगितली नाही. आता आठ दिवसांनी सांगून आले आहे. ते सांगणं कसं झालं, हे तुम्हाला कळवायला लिहायला बसले. तुमच्या बाजूने आता काही येणार नाही, हे एक बरं आहे.

त्या दिवशी सकाळी तुमच्या दूधवाल्याचा फोन आला. दोन दिवसांच्या पिशव्या दाराशी तशाच पडलेल्या. मी बोरी अरबला तुमच्या घरी पोचले, दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबले. हात पाठीमागे बांधले. आपोआप बांधले गेले. "आधी डोये पाठव, मंग पाय. हाताले सर्वात शेवटी." वणीला शिकवलेलं. तुमच्याच घरात, तुमच्यावरच चालवलं.

खाट दारापासून साडेसात फूट. तुम्ही उताणे. उजवा हात खाली लोंबलेला, मनगटावरचं घड्याळ चालू. मुंग्यांची रांग खाटेच्या पायावरून वर चढून कानाकडे गेली होती. मी मुंग्या लिहिल्या. कोणत्या दिशेने आल्या तेही लिहिलं. पंच म्हणून तुमच्या शेजारचा सलीम मिस्त्री होता, तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "मॅडम, अंगावर चादर टाकू का?" मी म्हटलं, "नाही. फोटो व्हायचे आहेत." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तुम्हाला मारलं. पण तुम्हीच सांगायचे ना, मेलेल्या माणसाची लाज राखणं आपलं काम नाही, नोंद राखणं आपलं काम. घ्या मग. राखली नोंद.

डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी मनात म्हटलं, सापडलं म्हणजे शेवटी.

तुम्ही वाईट माणूस होतात, जमादार. गेलेल्याबद्दल असं बोलू नये म्हणतात, पण तुम्ही कोणाला सोडलं होतं? वणीला मी नवी, अंगावरची वर्दी अजून कडक. कोळशाच्या रस्त्याकडेला एक माणूस मारून टाकलेला. चार पोलीस वाट्टेल तिथं उभे होते, एकाने तर विडी ओढून थोटूक प्रेताजवळच टाकलं. तुम्ही त्याला ते थोटूक उचलून खिशात घालायला लावलं, आणि वर म्हणालात, "आता तपासात तूच आरोपी नंबर एक. भैताड कुठचा!" मी ओकले. तुम्ही मला पाठीवर हात नाही ठेवला. "ओकाचं असन तं त्या खांबाच्या पल्याड ओक. इथची माती आपली नाही, त्याची आहे." मग भर उन्हात दीड तास मला टेप धरायला लावलात. विजेच्या खांबापासून प्रेत किती, प्रेतापासून चप्पल किती, चप्पल ते रक्ताचा डाग किती. मी विचारलं, झाडापासून मोजू का, जवळ आहे. "झाड उद्या कोनी तोडन. कोर्टात काय सरपन दाखवशीन?"

पण लिहायला मला बसवलंत, हेही खरं. तीन जण होते माझ्यापेक्षा जुने. "भगतचं अक्षर चांगलं हाय, तीच लिहीन." त्या दिवसापासून तुमचे सगळे पंचनामे माझ्या अक्षरात. मुद्देमालाची लेबलं माझ्या अक्षरात. खाली सही तुमची. आमच्या घरात पहिली सरकारी वर्दी माझी. वडील तो पहिला पंचनामा वाचायला मागत होते, मी म्हटलं दाखवता येत नाही. ते म्हणाले, निदान अक्षर दाखव. जमादार, त्याबद्दल मी तुमची आजन्म ऋणी राहिले असते. तुम्ही राहू दिलं नाही.

पुढे दोघांची एकाच ठाण्यात बदली झाली आणि मग अर्चनाचं प्रकरण आलं.

तुम्हाला सांगायची गरज नाही, पण मला पुन्हा एकदा क्रमाने मांडायचं आहे. अर्चना, बावीस वर्षांची, स्वयंपाकघरात चुलीपाशी पडलेली, डोक्यात पाट्याचा वरवंटा घातलेला. नवरा म्हणाला, मी शेतात होतो. पावसाळ्याचे दिवस. तुम्ही घर पाहिलं, अंगण पाहिलं, आणि गोठ्यातल्या कुटाराच्या, गुरांच्या भुशाच्या ढिगापाशी जाऊन उभे राहिलात. "सारं कुटार वाळेल आहे. इथंच काहून दबलं?" आतून नवऱ्याचा शर्ट निघाला. घाईघाईत धुतलेला, पिळलेला, तरी कॉलरच्या आत आणि बाहीच्या शिवणीत रक्त राहिलेलं. तुम्ही तो चिमट्याने उचलून मला दाखवला. तुमच्या तोंडावर हसू होतं. "रक्त कपड्याच्या वरून जाते, शिवणीतून नाही जात. आता याचा बापही याले सोडवत नाही."

पंच दोघे शेतकरी, त्यांना घरी जायची घाई. मग आपण नेहमीसारखं केलं. सगळेच करतात, सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी लिहीत नाही. कोऱ्या लेबलांवर आधी सह्या घेऊन ठेवल्या. पंचांच्या दोन, तुमची एक. मजकूर मागून भरायचा. त्या संध्याकाळी तुमच्या मुलीचं, वैशालीचं साक्षगंध होतं, साखरपुडा. तुम्ही घड्याळ पाहत होता. "भगत, मी निघतो. शर्ट ठाण्यात नेऊन सावलीत वाळव. दोन दिवस लागो का तीन. वाळल्यावर कागदात बांध. कागद समजते ना? पन्नी नाही." आणि स्वतः खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची प्लास्टिकची पन्नी काढून तोंडात खर्रा टाकून मोटरसायकलवर गेलात.

मी पन्नीत बांधला.

का, ते तुम्ही मला इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नाही. आज ऐका. जीपमध्ये शर्ट माझ्या मांडीवरच्या ताटात होता आणि त्यातून लालसर पाणी गळत होतं. ताटाच्या कडेवरून खाली जात होतं. मला वाटलं, हे अर्चनाचं रक्त आहे, हे जीपच्या पत्र्यावर चाललं आहे, कोर्टात जायच्या आधीच संपेल. एकही थेंब जाऊ द्यायचा नाही. जीपमध्ये साडीच्या दुकानाची एक नवी कोरी पिशवी होती, जाड, स्वच्छ. तिच्यात घातला. ठाण्यात गेल्यावर फौजदार ओरडत होते, मुद्देमाल आत्ताच्या आत्ता जमा करा. वाळवायला जागा कुठे? लॉकअपच्या समोर? मी गाठ मारली, लाख ओतली, तुमचा शिक्का दाबला. लेबलवर लिहिलं, 'एक पांढरा फुलशर्ट, जुना वापरता, किंमत शून्य.' अक्षर चांगलं आलं होतं.

ते पुडकं लॅबला जायला साडेतीन आठवडे लागले. तोपर्यंत आत सगळं सडलं. लॅबने लिहिलं, नमुना कुजल्याने निष्कर्ष देता येत नाही. तुम्ही तो कागद वाचला, घडी केली, आणि मला मुद्देमालाच्या खोलीत नेऊन दार लावलं. मला वाटलं, मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही म्हणालात, "कोनाले बोलली?" मी म्हटलं, नाही. "मंग बोलू नको. पंचनाम्यात मी हजर हाय. मीच बांधलं." एवढंच. दार उघडून गेलात.

कोर्टात पुडकं फोडलं तेव्हा मीच मुद्देमाल घेऊन उभी होते. काळी बुरशी, आणि असा वास की न्यायाधीशांनी नाकाला रुमाल लावला. मागच्या बाकावर अर्चनाची आई बसली होती, कमलबाई. तिने नाकाला पदर लावला नाही. आरोपीचा वकील तुम्हाला विचारत होता.

"लेबलवर सही तुमची?"

"माझी."

"ओला कपडा वाळवून कागदात बांधतात, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं."

"नोकरी किती झाली?"

"अठ्ठावीस वर्षं."

"अठ्ठावीस वर्षांत एवढंच शिकलात?" वकील हसला. कोर्टातले दोघे-चौघे हसले. लेबलवरचं अक्षर कोणाचं, हे त्याने विचारलं नाही. लेबल त्याच्या हातात होतं! सही पाहिली, अक्षर पाहिलं नाही. मी तीन हातांवर उभी होते. माझं तोंड उघडलं नाही.

दोन्ही पंच आधीच फितूर झाले होते. शर्टाशिवाय काही उरलं नव्हतं. नवरा सुटला. व्हरांड्यात कमलबाईने पायातली चप्पल काढली आणि तुमच्या तोंडावर मारली. एकदा नाही. तुम्ही टोपी काढून हातात घेतली, म्हणजे तिला नीट मारता यावं. लोक मोबाइल काढून उभे होते. मी तुमच्या डाव्या बाजूला होते, हातभर अंतरावर, हातात ते सडकं पुडकं. मी मागे सरकले. चप्पल चुकून मला लागू नये म्हणून सरकले, जमादार. हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही.

परतीच्या जीपमध्ये मी रडत म्हटलं, तुम्ही मला वाचवलं. तुमच्या ओठातून रक्त येत होतं. तुम्ही म्हणालात, "गोड नको समजू. कोऱ्या लेबलावर सही करून मी पोरीच्या साक्षगंधात पेढे खात होतो. ते निघालं असतं तं माह्यी पेन्शन गेली असती. तुले नाही, मले वाचवलं." मी लगेच मान्य केलं. किती पटकन मान्य केलं! सोयीचं होतं ना. तुम्ही स्वार्थी निघालात की माझं ओझं गेलं. तुमची वेतनवाढ थांबली, फौजदार व्हायचं राहिलं, तुम्हाला बंदोबस्तावर आणि गार्डवर फिरवलं. मी म्हणायचे, केलं त्यांनी त्यांच्यासाठी, भोगोत.

आणि तुम्हीही मला सुखाने म्हणू दिलं नाही. रिटायर झाल्यावरही कुठे भेटलात की खिशातून खर्र्याची पन्नी काढायची, माझ्या डोळ्यांसमोर धरून सावकाश उलगडायची. चार लोकांत. मी हवालदार झाले तेव्हा ठाण्यात पेढे वाटत होते, तुम्ही आलात, कागदात बांधलेली भेट दिलीत. मी सगळ्यांसमोर उघडली. आत साडीच्या दुकानाची पिशवी. रिकामी, नीट घडी घातलेली. सगळे हसले, त्यांना वाटलं जमादार साडी आणायला विसरले. मी घरी जाऊन ती चुलीत घातली आणि तुम्ही मरावं असं देवाकडे नाही, कोणाकडेच नाही, नुसतं तोंडाने म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

अर्चनाचा नवरा मला बाजारात भेटतो. "नमस्कार मॅडम," म्हणतो. दुसरी बायको केली आहे त्याने. मागच्या वेळी ती मागे उभी होती, खाली मान घालून, ओठ सुजलेला. मी विचारलं नाही. तिने सांगितलं नाही.

तर तुमचं घर. खाटेखाली पेटी होती. मृताच्या वस्तूंची यादी करायची म्हणून उघडली. पेन्शनचे कागद, वहिनींचा फोटो, आणि एक खाकी पाकीट. कागदाचं, अर्थात. बाहेर तुमच्या कोंबडीच्या पायासारख्या अक्षरात लेबल: 'उमरखेड. जाणे, येणे.' आत एसटीची चौदा तिकिटं. मशीनच्या तिकिटाची शाई उडते हे तुम्हाला ठाऊक, म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर बॉलपेनने तारीख घातलेली. सगळ्यांवर एकच तारीख, साल वेगळं. ज्या तारखेला अर्चना चुलीपाशी सापडली, ती.

उमरखेडच्या बाजूला तुमचं कोण होतं? कोणी नाही. कमलबाईचं गाव तिकडे आहे.

मी यादीत लिहिलं, 'जुनी एसटी तिकिटे, नग चौदा, किंमत शून्य.' सलीम मिस्त्रीने सही केली. मी आधी मजकूर लिहिला आणि मग सही घेतली. हल्ली मी कोऱ्यावर सही घेत नाही. ठाण्यातले मला त्यावरून हसतात.

काल गेले उमरखेडला. तिथून टमटमने तिच्या गावात. कमलबाई अंगणात हळदीचा ढीग पुढ्यात घेऊन निवडत बसली होती, कोपरापर्यंत हात पिवळे. मला पाहून उठली नाही.

"कोन?"

"मावशी, मी पोलिसातून आली."

"आता काहून? पोट्टी तं एकदाच मेली माह्यी."

मी म्हटलं, ढोके जमादार वारले.

तिचा हात थांबला नाही. "मेला का. बरं झालं." दोन-चार कांड्या तिने बाजूला टाकल्या. "दरसाली ये. त्या निंबाखाली उभा राहे. म्या कधी बस नाही म्हनलं, पानी नाही देल्लं. लय शिव्या देत होती त्याले. तो खाली मुंडकं घालून आयकून घे. बसची येळ झाली का जाय."

"काय म्हणायचे ते?"

"काय म्हनन? 'माय, म्या बांधला तो शर्ट, म्या चुकलो.' दरसाली तेच. एकदा म्या म्हनलं, तुह्या पोरीच्या पोटाले कीडे पडो. तरी उभा. मले वाटे, कसा निलाजरा मानूस आहे, कायले येते?"

जमादार, पेन्शन वाचवणारा माणूस असा उभा राहत नाही. हे मला तिथं, त्या अंगणात समजलं. जीपमध्ये तुम्ही खोटं बोललात. मला हलकं वाटावं म्हणून स्वतःला हलकट करून घेतलंत आणि मी ते विश्वासाने धरून बसले. आणि मग मला असा राग आला तुमचा, की तुमचा पंचनामा करतानाही आला नव्हता. तुम्ही एकट्याने जायचे! तुम्ही मला एकदा तरी म्हणायला हवं होतं, भगत, चाल. मी नाही म्हटलं असतं. दुसऱ्या वर्षीही नाही म्हटलं असतं. तिसऱ्या वर्षी आले असते. तुम्हाला पन्नी दाखवायला वेळ होता, हे सांगायला नव्हता?

मी म्हटलं, "मावशी, त्यांनी नाही बांधला तो शर्ट. ते तिथं नव्हतेच. मी बांधला. मी."

आता तिचा हात थांबला. ती माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हातांकडे पाहत राहिली.

"तू?"

"हो."

"अन् तो जे मार खात होता कोर्टात, तवा तू कुठी होती?"

"तिथंच. बाजूले."

तिची चप्पल तिच्या मागेच होती, उंबऱ्यापाशी. मी पाहून ठेवली होती, आत आल्या आल्या. मी दोन पावलं पुढे सरकले, तिचा हात माझ्यापर्यंत पोचावा म्हणून. डोक्यावरचा पदर काढला. मी तयारीनं गेले होते, जमादार. मला ते पाहिजे होतं. सात वर्षांचं मला एकदम पाहिजे होतं.

तिने चप्पल घेतली नाही. हळदीची एक कांडी उचलली, पाहिली, ढिगात परत टाकली.

"मंग म्या त्या मानसाच्या लेकरालेही बोलली," ती म्हणाली. माझ्याशी नाही, हळदीशी. मग माझ्याकडे वर पाहिलं. डोळे कोरडे. "आता मले नाही होत बाई. जे होतं ते सारं त्याले देऊन बसली. तुह्यासाठी काही नाही राह्यलं माह्यापाशी. जाय."

मी उभीच राहिले.

"जाय म्हनलं ना. बस चुकन तुही."

त्या निंबाखाली येऊन उभी राहिले. बुंध्याजवळ माती दाबलेली होती, दोन पावलांएवढी. तुमची होती की गावातल्या कोणाचीही, हे मला सांगता येणार नाही आणि मी मोजलंही नाही. टमटम आली, मी चढले. उमरखेडच्या स्टँडवर तिकीट काढलं आणि पाठीवर तारीख घातली.

येत्या पावसाळ्यात, अर्चनाच्या तारखेला मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. ती काही बोलणार नाही, ते तिने सांगितलं आहे. आपलं काम करत बसेल आणि मी उभी राहीन, बसची वेळ होईपर्यंत. तुम्हाला निदान शिव्या तरी मिळायच्या, जमादार.